कोमट

हिंगणघाटच्या डॉक्टरबाईंनी कोपर बुडवून दाखवलं:
इतकंच. पोराच्या अंघोळीला घेता तितकं.
पंचफुलानं मान हलवली, तिला माहीत होतं.
तिनं तिघांना न्हाऊ घातलंय,
आता चौथा मी,
निळ्या टपात, गुडघे हनुवटीशी,
वय चोपन्न, धंदा शिवणकाम.

पंधरा मिनिटं. दिवसातून तीनदा.
आणि जाऊन आल्यावर आणखी एकदा, ते वेगळं.
नळ तिसऱ्या दिवशी येतो.
वैशाखात स्लॅबवरच्या टाकीतलं पाणी आपोआप तापतं,
सरपण वाचतं एवढंच.
पाणी नाही वाचत.
ती बादल्या मोजते, मला ऐकू जाणार नाही अशा आवाजात.
मला ऐकू येतं.

तीन टाके आहेत म्हणे.
चाळीस वर्षं लोकांच्या शिवणी उलट्या करून पाहिल्या,
ही एक पाहता येत नाही.
धागा आपोआप विरघळेल, बाई म्हणाल्या.
असला धागा मी कुणाच्या पायजम्याला घातला असता
तर गावानं मशीन विहिरीत टाकलं असतं.

पहिले दोन दिवस मी शूर होतो.
तिसऱ्या दिवशी सकाळी संडासात
कडी धरून बसलो.
भिवापूरची मिरची जन्मभर तोंडानं खाल्ली,
तिनं दुसऱ्या दारानं हिशेब मागितला.
बाहेरून पंचफुला: "जोर नोका करू जी.
येईल तवा येईल."
एवढ्या हळू आवाजात ती माझ्याशी
लग्नाच्या दिवशीही बोलली नव्हती.

मग गोळीचं समजलं.
दुखणं कळसाला गेल्यावर नाही,
त्याच्या आधी घ्यायची,
जेवून, घड्याळ पाहून.
मी नऊ वर्षं उलटं केलं होतं.
रक्त दिसलं की म्हणायचो, बीट खाल्लं असेल.
बीट आमच्या बाजारात येतच नाही.

रात्री ग्लासभर पाण्यात इसबगोल.
चटकन प्यावं लागतं,
नाहीतर त्याची खळ होते,
कॉलरला लावायची असते तशी.

भेटायला येणाऱ्यांना सांगितलं, कंबरेचं.
"कंबरेचं अन् पालथा कायले निजला?"
गोमाजी कोतवालानं विचारलं,
उठून दार लोटून आला,
आणि खाटेच्या गातावर बोट फिरवत:
"मलेबी हाय. बारा साल झाले.
कोनाले सांगू नोको."

दुसऱ्या दिवशी भिंतीपलीकडे
पंचफुलाच्या कानाशी एक बाई.
आवाज ओळखला, नाव इथं घेत नाही.
धाकट्याच्या बाळंतपणापासून, म्हणत होती.
डॉक्टर बाई आहे का, खरंच बाई आहे का,
असं दोनदा विचारलं.
टपाची किंमत विचारली.
मग बराच वेळ काहीच विचारलं नाही.

आठव्या दिवशी मशीनवर बसलो. बसलो म्हणजे टेकलो.
उरल्या कापडाची गोल गादी शिवली होती,
आत घरचाच कापूस, मधे भोक.
वीस मिनिटं, मग उभं राहायचं.
काजं उभ्यानं, बटनं उभ्यानं,
हसू आलं तर तेही सांभाळून.

दिवेलागणीला गोमाजी आला,
पेपरात गुंडाळून एक घेऊन गेला.
"माप?" मी सवयीनं विचारलं.
"मापाचं काय लागते बाप्पा इथं."

आणखी तीन शिवल्यात, फुलाफुलांच्या छिटाच्या.
दुकानाच्या दर्शनी भागात नाही ठेवल्या.

रात्री अकराच्या सुमारास अजून ठणकतं,
पायडल कुणी दुसरंच मारतंय असं.
मी उठतो. तीही उठलेली असते.
टपात कोपर बुडवते, बांगड्या वर सारून.
"थांबा," म्हणते,
"अजून जरासं."